पत्रास कारण: ‘ए’ की ‘ई’

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

सात-आठ महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही आणि आज लिहितो आहे तेही अपराध कबूल करण्यासाठी, तेव्हा दोन्हींचे मिळून एकदाच काय ते रागावून घे. गुडघे होते तसेच आहेत, साखर आटोक्यात आहे.

आक्काच्या धाकट्याने राजारामपुरीत वह्या-पेनांचे दुकान काढले. कोल्हापुरात राहून फ्लेक्स कसला लावतोस, पेंटरकडूनच पाटी रंगवून घे, हा आग्रह माझाच. पेंटरने शिडीवरूनच मला फोन केला, ‘‘सर, स्टेशनरीत ‘एन’च्या पुढं ‘ए’ का ‘ई’?’’ मी पंचा खांद्यावर टाकून आंघोळीला निघालो होतो. क्षणभरही न थांबता ‘ए’ म्हणालो. उद्घाटनाच्या दिवशी नारळ फुटला, सगळ्यांनी माना वर केल्या आणि लाल पाटीवर पिवळ्या रंगात, उजव्या अंगाला काळी सावली दिलेला तो ‘ए’ मला दिसला. अक्षर इतके सुबक की खोडायला सांगायचीही चोरी. हातातला पेढा तसाच राहिला.

हसून झाले असेल तर पुढे वाच. १९७९ साली रंकाळ्याच्या कठड्यावर याच शब्दावरून आपले बिनसले होते आणि आठवडाभर आपण एकमेकांशी बोललो नव्हतो. एन्व्हलपचा पहिला ‘ई’ कागदवाल्या स्टेशनरीत घालावा, ‘ए’ची स्टेशनरी म्हणजे जागचे न हलणारे, असे तू म्हणालास, पाकिटाचा इथे काय संबंध, असे विचारून मी तुला गाढव ठरवले. शब्दकोश उघडल्यावरही पैजेची भेळ दिली नाहीच, उलट कोशात छपाईची चूक आहे असे शेवटपर्यंत म्हणत राहिलो.

पुढे बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवताना तुझा तो पाकिटाचा ‘ई’ मी स्वतःच्या नावावर खपवला, हेही आज सांगून टाकतो. माझी स्वतःची युक्ती एकच, प्रिन्सिपलची: प्राचार्यांच्या शेपटाला पी-ए-एल म्हणजे पाल चिकटलेली असते, तत्त्वाच्या शेपटाला नसते. ती मुले जन्मात विसरली नाहीत (प्राचार्यही नाहीत). ‘शिक्षक दीन’ लिहिणाऱ्या पोराला मी वर्गात उभे केले होते. त्याचे भविष्य एकंदरीत खरे ठरले.

मध्ययुगीन युरोपात पुस्तके विकत हिंडणारे फेरीवाले असत. त्यांच्याउलट विद्यापीठाजवळ ठाण मांडून बसणाऱ्या ग्रंथविक्रेत्याचे लॅटिन नाव स्टेशनारियस. त्यावरून स्टेशनर, आणि तो विकतो ती ‘ई’ची स्टेशनरी. म्हणजे दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकाच जागी उभे राहणेच आहे. लंडनच्या स्टेशनरांच्या संघाला तर १५५७ मध्ये राजसनद मिळाली. मग आपल्या पोराचे दुकानही जागचे हलत नाही, तेव्हा पाटी खोटी कशी, अशी मी दोन दिवस मनाची समजूत घातली. कोशात छपाईची चूक काढणाराच हा माणूस, असे तू म्हणशील, म्हण.

मला खरी टोचणी वेगळीच आहे. मला ते येत नव्हते असे नाही. पाटीवर मराठीत लिहायचे असते तर प्रश्नच नव्हता, देवनागरीत दोन्ही स्टेशनरी सारख्याच. पण अक्षर विचारताच तोंडातून आला तो बत्तीस वर्षे शिकवलेला ‘ई’ नव्हे, ज्याच्यासाठी तुझ्याशी भांडलो होतो तो ‘ए’ आला. हे इथे कोणाला सांगू? म्हातारा झालो, एवढेच म्हणतील.

पोरगा येईल त्या गिऱ्हाइकाला ‘‘स्पेलिंग मामांनी तपासलंय’’ म्हणून सांगतो. पावतीपुस्तके छापायला गेली आहेत, प्रूफ मंगळवारी माझ्याकडेच येणार आहे. तिथे ‘ई’ केला तर पाटी उघडी पडते, ‘ए’ ठेवला तर मी. पेंटरला गुपचूप विचारून पाहिले; ‘ए’चा ‘ई’ करायचा तर सगळी ओळ पुन्हा रंगवावी लागेल म्हणाला. पैसे मी देईन, पण पोराला काय सांगू ते मंगळवारच्या आत फोन करून सांग.

वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले का? नातवाचे नाव काय ठेवले? भेळेचे देणे मान्य आहे, व्याजासकट.

तुझा,
अण्णा