डिस्चार्जचे नऊ तास : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वडिलांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. रात्री साडेअकराला पोटात कळ आली आणि जवळच्या खासगी रुग्णालयात धावलो. शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टर आणि सिस्टर यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तक्रार आहे ती बिलाच्या खिडकीबद्दल, आणि ती आपल्या खात्याच्या अखत्यारीत येते म्हणून हे पत्र.

त्या रात्री जनरल वॉर्ड भरला होता, शेअरिंगमध्येही खाट नव्हती. रोज ८,००० रुपयांची खोली मिळाली. मी पॉलिसीचं कार्ड पुढे केलं. "कॅशलेस आहे ना? मग काळजी करू नका," म्हणत पाच-सहा सह्या घेतल्या. पॉलिसी ५ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोज ५,०००. वरचे ३,००० आपले, चार दिवसांचे १२,०००, असा हिशेब मी मनाशी केला होता.

तो चुकला. मर्यादेबाहेरची खोली घेतली की कंपनी नुसतं भाडं कापत नाही. सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिट हे सगळंही मर्यादा आणि भाडं यांच्या प्रमाणात, म्हणजे आमच्या बाबतीत ८,००० ला ५,००० असं, कापते. औषधं आणि तपासण्या तेवढ्या यातून सुटतात. आमच्या अशा खर्चाच्या १,२०,००० मधले ७५,००० मंजूर झाले, ४५,००० आमच्या अंगावर आले. हातमोजे वगैरे 'नॉन-पेएबल', म्हणजे विमा ज्यांचे पैसे देत नाही अशा, वस्तूंचे ६,४०० वेगळे. मी कंपनीला लिहिलं, त्यांनी कलम दाखवलं, आणि कलम खरोखर तसंच होतं. विमा लोकपालांकडे जायला माझ्या हाती काही उरलं नाही. पण दाखल होताना ही गोष्ट कुणी दोन वाक्यांत सांगितली असती, तर सकाळ होताच मी वडिलांना शेअरिंगमध्ये हलवलं असतं. सकाळी तिथे खाट रिकामी झाली होती, हे मला चौथ्या दिवशी कळलं.

आता डिस्चार्जचा दिवस. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये परिपत्रक काढलं : रुग्णालयाकडून अंतिम बिल आल्यावर कंपनीने तीन तासांत मंजुरी द्यायची, उशीर झाला तर वाढलेला खर्च कंपनीने सोसायचा. हे मला माहीत होतं, म्हणून मी घड्याळ लावून बसले. डॉक्टरांनी सकाळी ९ वाजता सही केली. मग "फार्मसीचं रिटर्न आलं नाही", "लॅबचं क्लिअरन्स बाकी आहे", "टीपीए डेस्कवर आत्ता कुणी नाही" (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था). बिल कंपनीकडे गेलं दुपारी अडीचला. मंजुरी आली ४ वाजून ४० मिनिटांनी, मुदतीच्या आत. दरम्यान १२ वाजून गेले म्हणून अर्ध्या दिवसाचं भाडं, ४,००० रुपये, लागलं, आणि तेही कंपनीने नाकारलं. खाटेवर नवीन चादर घालून झाली होती. ताजे टाके घेऊन माझे वडील प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते. खोलीचे १२,०००, कपातीचे ४५,०००, वस्तूंचे ६,४०० आणि हे ४,०००, एकूण ६७,४०० रुपये. भावाने पुण्याहून फोनवरून पैसे पाठवले तेव्हा गेटपास हातात पडला. संध्याकाळचे ६ वाजले होते.

नियामकाचे तीन तास बिल पोचल्यावर सुरू होतात. त्याआधीचे आमचे साडेपाच तास कोणाच्याच हिशेबात नाहीत. विमा हा केंद्राचा विषय आहे हे उत्तर मला आपल्याकडून नको आहे, कारण रुग्णालयं राज्यसूचीत आहेत. खासगी रुग्णालयांची नोंदणी आपल्याच १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते. त्या कायद्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि दरपत्रक व रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. आमच्या रुग्णालयात सनद होती, जिन्याखाली, पाण्याच्या कूलरमागे. दरपत्रक मला चार दिवसांत दिसलं नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या तपासणीत या गोष्टी पाहिल्या जातात का, हे आपण विचारावं अशी विनंती आहे.

याच नियमांत आणखी थोडी भर हवी. खोली ठरवताना तिचं भाडं, पॉलिसीची मर्यादा आणि त्यामुळे इतर खर्चात होणारी कपात मराठीत लिहून द्यावी आणि त्यावरच सही घ्यावी. बिल रोजच्या रोज मिळावं, म्हणजे शेवटच्या दिवशी फार्मसी आणि लॅबची जुळवाजुळव करावी लागणार नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : डॉक्टरांनी डिस्चार्जवर सही केली की त्या क्षणापासून खोलीभाडं थांबावं. एवढं एक झालं तरी बिल अडीचपर्यंत रखडणार नाही, याची मला खात्री आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्याच खात्याने आरोग्यमित्र नेमले आहेत. आम्ही गेलो ते रुग्णालय योजनेत नव्हतं, पण वर्षभरापूर्वी सासूबाईंच्या वेळी दुसरीकडे आरोग्यमित्राने कोणता कागद लागेल, काय मंजूर होईल, हे आमच्या शेजारी बसून समजावलं होतं. हप्ता भरून खासगी विमा घेणाऱ्याच्या बाजूने त्या खिडकीपाशी असं कुणीच नसतं. टीपीए डेस्कवर बसतो तो रुग्णालयाचा माणूस.

बिलाच्या सगळ्या प्रती, मंजुरीचे संदेश आणि प्रत्येक टप्प्याची वेळ मी वहीत नोंदवून ठेवली आहे. आपल्या कार्यालयाने बोलावलं तर ती घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची मुलगी, सातारा