जॉर्डन मोजताना पॅक्सन आणि ग्रँटही मोजा

महोदय,

अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला मायकेल जॉर्डन मोठा की लेब्रॉन जेम्स, यावरून आपल्या वाचकांच्या पत्रांत सध्या चांगलीच जुंपली आहे. कोल्हापुरात बास्केटबॉलवर एवढ्या हिरिरीने लिहिले जाते, याचा आनंदच आहे. पण दोन्ही बाजूंच्या पत्रांत साथीदारांचा उल्लेख येतो तो फक्त सबब म्हणून. 'जॉर्डनला पिपेन होता', 'लेब्रॉनला कुणीच नव्हते', एवढ्यावर विषय संपतो. शिकागो संघातला जॉर्डनचा साथीदार स्कॉटी पिपेन मैदानावर नेमके काय करत होता, हे कुणी लिहीत नाही. खासबाग कुस्ती मैदानाच्या सवयीने आपण मैदान मारणाऱ्याच्या खांद्यावर गदा ठेवून मोकळे होतो. तालमीत त्याला रोज झुंजवणारी जोड मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही.

नुसती विजेतेपदे मोजायची तर रॉबर्ट हॉरीची सात आहेत, जॉर्डनपेक्षा एक जास्त. ह्यूस्टनकडून दोन, लेकर्सकडून तीन, सॅन अँटोनियोकडून दोन. हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी त्याची एकदाही निवड झाली नाही. त्याला कुणी जॉर्डनच्या वर बसवणार नाही, बसवूही नये. पण तीन वेगवेगळ्या संघांना हाच माणूस उपयोगी का पडला? तो उंच फॉरवर्ड होता आणि त्याचा नेम तीन गुणांच्या रेषेबाहेरून लागायचा. त्यामुळे त्याला राखणारा उंच खेळाडू रिंगखालून बाहेर ओढला जायचा आणि आत ओलाजुवान, शकील ओनील किंवा टिम डंकन यांना एकास एक खेळायला जागा मिळायची. धावफलकावर याची नोंद होत नाही.

20 जून 1993 चा अंतिम मालिकेतला सहावा सामना घ्या. फिनिक्स 98, शिकागो 96, शेवटची 14 सेकंदे. चौथ्या क्वार्टरमध्ये शिकागोने तोवर केलेले नऊच्या नऊ गुण जॉर्डनचे, त्यामुळे फिनिक्सच्या पाचही जणांचे डोळे त्याच्यावर. जॉर्डन चेंडू पुढे आणतो आणि पिपेनकडे देतो. पिपेन आत शिरून बेसलाइनजवळ, म्हणजे रिंगमागच्या रेषेजवळ, साथीदार हॉरेस ग्रँटला पास करतो. ग्रँट रिंगजवळ आहे, दोन गुण झाले तर बरोबरी. पण फिनिक्सचा डॅनी एंज शिकागोच्या पॅक्सनला सोडून त्याच्याकडे सरकतो आणि ग्रँट क्षणही न दवडता चेंडू बाहेर देतो. जॉन पॅक्सन रेषेबाहेर पाय रोवून तयारच उभा असतो. तीन गुण, 99-98, 3.9 सेकंद बाकी. त्यानंतर फिनिक्सच्या केविन जॉन्सनचा शेवटचा शॉट ब्लॉक करतो तोही ग्रँटच. या चढाईत जॉर्डनच्या नावावर ना गुण, ना असिस्ट (बास्केट झालेला पास). पिपेनच्याही नाही. 1997 च्या अंतिम मालिकेत युटाविरुद्ध सहाव्या सामन्यात 86-86 असताना स्टॉकटन जॉर्डनवर धावला आणि मोकळ्या झालेल्या स्टीव्ह करने जॉर्डनच्या पासवर बास्केट केले, तोही याच जातीचा डाव.

म्हणून जॉर्डन लहान ठरतो का? मुळीच नाही. उलट याच जॉर्डनने 20 एप्रिल 1986 रोजी बोस्टनविरुद्ध 63 गुण केले होते आणि सामना शिकागो हरले होते. पहिल्या तीन हंगामांत प्लेऑफच्या (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या) दहा सामन्यांपैकी त्याच्या संघाने एकच जिंकला. 1987 मध्ये पिपेन आणि ग्रँट आले, 1989 मध्ये फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाले आणि सहायक प्रशिक्षक टेक्स विंटर यांची त्रिकोणी रचना (तिघांनी त्रिकोणात उभे राहून चेंडू फिरता ठेवण्याची पद्धत) संघात रुजली. चेंडू सोडायला जॉर्डन त्या रचनेत शिकला. माझ्या मते तो पहिला आहे तो यासाठी. सहा विजेतेपदे हा त्याचा परिणाम.

विल्ट चेंबरलेनचे उदाहरण तर याहून बोलके आहे. 1961-62 मध्ये त्याची सरासरी सामन्यामागे 50.4 गुणांची, एका सामन्यात 100 गुण, तरीही त्याचा संघ बोस्टनकडून सातव्या सामन्यात दोन गुणांनी हरला. 1966-67 मध्ये त्याची सरासरी 24.1 वर आली, असिस्ट आठच्या घरात गेले, सोबतीला हॅल ग्रीअर, चेट वॉकर आणि बिली कनिंगहॅम होते. फिलाडेल्फियाने 68 सामने जिंकले, 13 हरले, बोस्टनला 4-1 ने बाजूला सारले आणि विजेतेपद घेतले. गुण निम्म्यावर आले, तेव्हा विजेतेपद हाती लागले.

'जॉर्डन नसताना 1993-94 मध्ये शिकागोने 55 सामने जिंकले, म्हणजे साथीदारच भारी होते' हा मुद्दा एका पत्रात आला आहे. आकडा खरा आहे, आदल्या वर्षी ते 57 जिंकले होते. पण तो संघ तसाच राहिला नव्हता. टोनी कुकोच आणि स्टीव्ह कर त्याच वर्षी आले. शिवाय दुसऱ्या फेरीत न्यूयॉर्ककडून सात सामन्यांत ते बाहेर पडले. साखळीत चांगली साथ संघाला तारून नेते. प्लेऑफमध्ये मात्र समोरचा संघ एकाच प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करून उतरतो, तिथे दोघांना अंगावर घेऊनही डाव फोडणारा एक माणूस लागतोच. 2015 मध्ये लेब्रॉन तसा माणूस होता. क्लीव्हलँड संघातले त्याचे साथीदार केविन लव्ह पहिल्या फेरीतच जायबंदी, कायरी अर्व्हिंग अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात. लेब्रॉनची मालिकेतली सरासरी 35.8 गुण, 13.3 रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), 8.8 असिस्ट, तरीही गोल्डन स्टेट 4-2 ने जिंकले. पुढच्या वर्षी दोघे तंदुरुस्त होते, 1-3 अशा पिछाडीवरून क्लीव्हलँड जिंकले आणि सातव्या सामन्यात निर्णायक तीन गुण अर्व्हिंगने केले. त्या 2015 च्या पराभवाला लेब्रॉनविरुद्धचा पुरावा म्हणून वापरणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

दोन काळांची तुलना करताना नियमही पाहावेत. 2001 पर्यंत एनबीएमध्ये झोन बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, बंदी होती. आता बचाव करणारा चेंडूपासून दूर, आपल्या माणसाला सोडून उभा राहू शकतो. म्हणून आजच्या श्रेष्ठ खेळाडूला कॉर्नरमध्ये, म्हणजे बेसलाइनजवळच्या कोपऱ्यात, नेमबाज लागतातच, हौस म्हणून नाही.

आता आपल्या मैदानांकडे येतो. आपल्या शालेय आणि महाविद्यालयीन संघांत स्क्रीन लावणाऱ्या, म्हणजे बचावपटूच्या वाटेत उभे राहून साथीदाराला मोकळे करणाऱ्या, मुलाकडे कुणाचे लक्ष नसते, म्हणून ती चुकीची लागते. पाय खांद्याएवढे फाकलेले, दोन्ही जमिनीवर टेकलेले, हात छातीशी. प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागून, त्याच्या नजरेआड लावत असाल तर त्याला एक साधे पाऊल टाकण्याइतके अंतर सोडावेच लागते, नाहीतर धडक बसताच फाउल तुमचा. सर्वांत जास्त चूक चेंडूवाल्याची होते. स्क्रीन स्थिर होण्याआधीच तो निघतो, मग साथीदार त्याच्यासाठी सरकतो आणि पंच शिट्टी वाजवतात. थांबून, मग आपला खांदा साथीदाराच्या कमरेला घासून गेले पाहिजे. मधे हातभर जागा राहिली तर बचाव करणारा त्यातून निसटतो. त्यानंतर निदान दोन ड्रिबल पुढे जायचे, म्हणजे दोन बचावपटू अंगावर येतात आणि स्क्रीन लावणारा मोकळा होतो. पहिल्याच ड्रिबलला पास दिला की सगळे मुसळ केरात.

दुसरी चूक कॉर्नरची. तीन गुणांची रेषा तिथे बाजूच्या रेषेपासून 90 सेंटीमीटरवर आहे. कंटाळलेला मुलगा चेंडू मागत आत येतो आणि त्याच्यामागून त्याचा बचावपटूही, की रिंगकडची वाट बंद. 2013 च्या अंतिम मालिकेत सहाव्या सामन्यात लेब्रॉनचा शॉट चुकला, त्याचा साथीदार ख्रिस बॉशने रिबाउंड घेतला आणि दुसरा साथीदार रे ॲलन खाली न बघता उलट्या पावलांनी त्या पट्ट्यात गेला, 5.2 सेकंद असताना तीन गुण करून बरोबरी साधली. मुलांना रिंगखालून उलट्या पावलांनी कॉर्नरकडे पाठवून पास द्या. सुरुवातीला दहापैकी निम्म्या वेळा टाच रेषेवर पडेल. पंधरा दिवसांत अंदाज बसतो.

संपादक महोदय, आपल्याकडून एकच मागणी. स्थानिक सामन्यांच्या बातमीत 'अमुकचे 22 गुण' एवढेच येते आणि निवड चाचणीच्या दिवशी हेच कात्रण पालकांच्या खिशात असते. शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघणाऱ्याला गोलच्या आधीचा पास कुणाचा, हे सांगावे लागत नाही. बास्केटबॉलच्या वाचकालाही ते कळावे. गुणांखाली असिस्ट आणि रिबाउंड छापा, एका ओळीत मावतात. ही नोंद ठेवायला बेंचवरच्या एका मुलाला कागद द्यावा लागतो. उभे चार रकाने करायचे: असिस्ट, रिबाउंड, बास्केटमध्ये संपलेली स्क्रीन, बॉक्सआउट (रिबाउंडसाठी प्रतिस्पर्ध्याला पाठीवर अडवून धरणे). आडव्या बारा ओळींत बारा खेळाडू. प्रत्येक क्वार्टरनंतर रेघ मारायची, म्हणजे दमल्यावर कोण काम सोडतो तेही दिसते. आयोजकांनी हा कागद गुणपत्रिकेसोबत आपल्या वार्ताहराकडे द्यावा आणि आपण त्यातले पहिले दोन रकाने छापावेत.

आपला,
एक बास्केटबॉल प्रशिक्षक, कोल्हापूर