दोघींत मिळून अर्धं तिकीट

कंडक्टर ताई,

स. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं. तारीख, फेरीची वेळ हेही गाळते. आमच्यासाठी गाडी सात मिनिटं थांबवलीत, त्याचा हिशेब तुम्हाला कोणी मागायला नको.

ओळख पटावी म्हणून सांगते. चाळीसगावहून पाटणादेवीकडे निघालेल्या लालपरीत खिडकीशी हिरव्या लुगड्यातली म्हातारी होती ना, ओटीची पिशवी पोटाशी धरून बसलेली? तिची मी नात. आजीला कुलदेवीची ओटी भरायची होती. जळगावहून गाडी करून जाणं आम्हाला झेपणारं नव्हतं, म्हणून एसटी. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला प्रवास फुकट, आणि मला महिलांची सवलत. आजीने पोलक्यातून आधार कार्ड काढायला दोन थांबे घेतले, तेवढा वेळ तुम्ही दांडीला टेकून शांत उभ्या राहिलात. मग मशीनमधून कागद ओढत म्हणालात, "दोघींत मिळून अर्धं तिकीट! देवी पावनी तुमले." पुढच्या सीटवरचे बाबाही हसले.

पण आभार तिकिटाचे नाहीत. ती सवलत सरकारची.

आम्ही उतरताना तुम्ही सांगितलंत, "सगळे देवीकडेच पळतात. आधी वाटेतलं महादेवाचं देऊळ बघा, तिथं गर्दी नसते. परतीच्या गाडीला मात्र उशीर करू नका, मागून दुसरी नाही." हे सांगितलं नसतंत तर आम्हीही पळालोच असतो.

महादेवापाशी खरंच कोणी नव्हतं. काळ्या दगडाचं हेमाडपंती बांधकाम, मागे गौताळ्याचे डोंगर. आजी सावलीला टेकली, आम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा सोडला. तिथे बसून मी तिला इथल्याच पाटण गावच्या शिलालेखाची गोष्ट सांगितली. शके ११२८ मधला तो लेख. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ, सिद्धान्तशिरोमणी वगैरे, शिकवायला इथे मठ काढला आणि इथल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात, शेवटच्या ओळी मात्र जुन्या मराठीत. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचं राजाचं येणं मठाला दिलं, आणि जितके तेलाचे घाणे चालतील त्यांनी पळी पळी तेल द्यायचं, असा व्यवहार त्यात आहे. देणगी संस्कृतात सांगून चालली असती, पण वसुली तेल्याला समजेल अशा भाषेतच करावी लागते! मला त्या लेखातलं हेच सगळ्यात आवडतं.

आजीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे शिकनारानं दिव्यानं तेल बाजारनं?"

शिकणाऱ्याच्या दिव्याचं तेल बाजाराचं? हो, तसंच म्हणायचं.

देवीचं दर्शन छान झालं. ओटी भरली, आजी गाभाऱ्याबाहेर बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मी घड्याळ पाहत होते, तिला हाक मारायचा धीर होत नव्हता. पायऱ्या उतरताना तिचा गुडघा बसला. दहा पावलं, मग टेकणं. पुन्हा दहा पावलं. गाडीची वेळ होऊन गेली तेव्हा आम्ही अजून झाडीतच होतो. खिशातले पैसे मोजून झाले होते. रिक्षा मिळाली असती तरी चाळीसगावपर्यंत परवडली नसती.

वळणावरून लाल रंग दिसला. मी पळायला लागले, आजीही लंगडत पळायला लागली, आणि दारातून तुमचा आवाज आला, "पयू नको माय, गाडी उभीच शे."

नंतर कळलं की नारळवालीला तुम्ही आधीच विचारून ठेवलं होतं, हिरव्या लुगड्यातली आजी खाली उतरली का म्हणून. ड्रायव्हर काका कुरकुरत होते, बाकीचे प्रवासीही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनाही पुढची गाडी गाठायची असेल. त्या सगळ्यांचं बोलणं तुम्ही खाल्लंत, आणि आजी चढल्यावर पहिलं काय केलंत, तर तिला तुमच्या बाटलीतलं पाणी दिलंत.

आजी घरी येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगते. तिच्या सांगण्यात सात मिनिटांचा आता अर्धा तास झाला आहे.

आणखी एक. देवीपुढचा एक नारळ आजीने वाटेतच तुमच्यासाठी बाजूला काढला होता. चाळीसगावला उतरायच्या गडबडीत द्यायचा राहिला. दोन दिवस देव्हाऱ्यात ठेवला, मग चटणीत गेला. तेवढं माफ करा.

तुमची,
आजीबरोबरची पोरगी