आधी नोड सांगा, मग सेक्टर

महोदय,

फोनवरच ओळख झालेली मंडळी रविवारी प्रत्यक्ष भेटायला निघतात आणि निम्मी भलतीकडेच पोचतात. 'ठाणे स्टेशनबाहेर भेटू' हा निरोप म्हणजे भांडणाला आवतणच. एक जण पूर्वेला कोपरीच्या बाजूला, दुसरा पश्चिमेला सॅटिसवर, म्हणजे बसच्या उन्नत पुलावर! 'तलावपाळीला' म्हटलं तरी गडकरी रंगायतन की कोपिनेश्वर मंदिर हे ठरवावं, नाहीतर दोघं एकमेकांमागे तळ्याला प्रदक्षिणा घालत राहतात.

वाशीला जाताना खरी गंमत. ठाण्याहून सुटणारी पनवेल लोकल वाशीला जातच नाही. तुर्भ्यानंतर ती जुईनगरकडे वळते. तुर्भ्याला उतरून मागून येणारी वाशी लोकल पकडावी. डुलकीत जुईनगर आलंच, तर तिथून हार्बरची सीएसएमटी लोकल धरावी. मध्ये सानपाडा, मग वाशी.

नुसतं 'सेक्टर १०' तर कधीच सांगू नये. नवी मुंबईत आकडे प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या प्रत्येक उपनगरात, नव्याने सुरू होतात. वाशीत सेक्टर १० आहे, नेरूळला आहे, खारघरलाही आहे. आणि 'निळा शर्ट' ही काय खूण झाली? निम्मा फलाट निळाच असतो. फलाट क्रमांक आणि पूल सांगा.

– एक लोकल प्रवासी, ठाणे