बंड्या, तुझा प्लॅन फाडून टाकलाय, नवा पाठवतोय

प्रिय बंड्या,

तुझा प्लॅन वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ. अरे बाबा, अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी! आठवड्यात सात वार असताना तू बरोबर ते दोनच कसे काय निवडलेस, याचं मला खरंच कौतुक वाटलं. काकूंना घेऊन तू गेटपाशी उभा आहेस आणि वॉचमन हात हलवतोय, असं चित्रच आलं डोळ्यासमोर.

आणि त्यात पुन्हा शिर्डी, शनिशिंगणापूर, पैठण, बीबी का मकबरा. दोन दिवसांत! हे काय फिरणं आहे का रे, ही तर हजेरी लावणं झालं. आठवतंय ना शाळेची सहल? लाल डब्यातून आपल्याला आणलं होतं, सरांनी शिट्टी वाजवली आणि म्हणाले वीस मिनिटं, सगळ्यांनी जोडीनं चालायचं. वेरूळच्या कैलास लेण्यात वीस मिनिटं! त्यातली दहा तुझी चप्पल शोधण्यात गेली, कारण कुठल्यातरी पायऱ्यांवर ती तुटली आणि तू एकच चप्पल हातात घेऊन फिरत होतास. मला त्या ट्रिपमधली तुझी चप्पल आठवते, कैलास आठवत नाही. नंतर मी तीनदा गेलो तेव्हा कळलं काय हुकलं होतं ते. म्हणून सांगतो, अजिंठा या वेळी सोड. ते शहरापासून शंभर किलोमीटर पडतं, त्याचा वेगळा एक दिवस काढावा लागतो, पुढच्या खेपेला बघू. शिर्डीला काकू दरवर्षी जातातच. या वेळी फक्त वेरूळ आणि त्याच रस्त्यावरचं जे येईल तेवढंच.

आता नीट ऐक. बुधवारी रात्री देवगिरी एक्सप्रेस पकड, तुला कल्याणला मिळेल, भल्या पहाटे संभाजीनगरला उतरवते. झोप नीट होणार नाही, पण काकूंना लोअर बर्थ मिळाला तर त्यांचं निभेल. मी पुण्याहून गाडी घेऊन येतो, तुम्हाला स्टेशनवरून उचलतो. शहरात हॉटेल घेऊ नकोस, वेरूळलाच राहू, शहरापासून तीसेक किलोमीटर आहे. रूम साध्या असतात, पण दुपारी उन्हात जाऊन आडवं व्हायला जागा पाहिजे, काकूंना तर पाहिजेच, आणि खरं सांगायचं तर मलापण.

गुरुवारी सकाळी लवकर आत जायचं. तिकीट ४० रुपये आहे, १५ वर्षांखालच्या पोरांना फुकट, म्हणजे तुझी चिमी फुकटात. एकूण ३४ लेणी आहेत, सगळी बघायची नाहीत हे आधीच ठरव, नाहीतर दहाव्यानंतर सगळं एकसारखं दिसायला लागतं आणि मग माणूस फक्त नंबर मोजत बसतो. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सकाळी बौद्धांपैकी दोनच करू, १० नंबर आणि १२ नंबर. दहाला लोक सुताराची झोपडी म्हणतात, का ते आत गेल्यावर वर बघितलंस की कळेल. छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या आहेत, पण सगळ्या दगडाच्या. वाशांची तिथे गरजच नाही, डोंगर काय कोसळणार आहे? तरी त्यांनी लाकडाच्या चैत्याची, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाची, सवय दगडात उतरवली. समोर स्तूप आणि त्याला टेकून बसलेला मोठा बुद्ध. तिथं हळू आवाजात एखादं काही म्हण, आवाज कसा घुमतो बघ. चिमीला आवडेल, पण किंचाळायला लावू नकोस, बाकीचे लोक पण असतात.

बारा नंबर म्हणजे तीन ताल, तीन मजली. बाहेरून एकदम कोरं दिसतं, चाळीसारखं, आणि वरच्या मजल्यावर गेलं की ओळीनं सात-सात बुद्ध बसलेत. काकूंना वर नेऊ नकोस, पायऱ्या उंच आहेत, त्या खाली सावलीत बसतील. मग बसनं जैन लेण्यांकडे जाऊ, ती जरा लांब आहेत, चालत नको. ३२ नंबरची इंद्रसभा बघ, वरच्या मजल्यावर छताला कोरलेलं कमळ आहे आणि आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका. गर्दी नसते, बहुतेक लोक कैलास बघून परत जातात. त्यांचं नुकसान, आपला फायदा.

मग जेवण, मग झोप. कैलास, म्हणजे १६ नंबर, दुपारी तीननंतर. हे माझं ठाम मत आहे आणि यावर मी वाद घालणार नाही. वेरूळचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळी सगळं सावलीत असतं, फोटो काळपट येतात, आणि दुपारनंतर ऊन आत शिरायला लागतं तसा दगड रंग बदलतो. आणि पहिल्यांदा आत जायचं नाही. उजव्या बाजूनं वाट वर डोंगरावर जाते, आधी तिकडून जायचं आणि वरून खाली बघायचं. काकूंसाठी चिमीला आणि वहिनींना खाली ठेव, आपण दोघं आळीपाळीनं वर जाऊ. वरून बघितल्याशिवाय हे बांधलेलं नाही, खोदलेलं आहे हे डोक्यात शिरतच नाही. आधी शिखर, मग खाली मंडप, मग खाली हत्ती, अशा क्रमानं माणसं उतरत गेली. अंगण ८० मीटरच्या वर लांब, मागचा कडा ३० मीटरच्या आसपास, म्हणजे नऊ-दहा मजली बिल्डिंग धर. मधला सगळा दगड काढून टाकला आणि उरलं ते देऊळ. चुकलं तर परत दगड लावायची सोयच नव्हती.

हे काम राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं समजतात, आठव्या शतकातलं. त्याच्या आधीच्या दंतिदुर्गाचा लेख शेजारच्या १५ नंबरमध्ये आहे. पण मला आवडते ती आपली जुनी मराठी गोष्ट. राजा आजारी पडला, राणीनं नवस केला की राजा बरा झाला तर शंकराचं देऊळ बांधीन आणि कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता देवळाचा कळस दिसायला वर्षं लागणार, राणी तोवर जगणार कशी? मग पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढं आला, म्हणाला आठवड्यात कळस दाखवतो, आणि त्यानं वरून खोदायला सुरुवात केली. गोष्ट खरी असो नसो, वरून खोदण्याचं कारण म्हणून इतकं घरगुती कारण मी दुसरं ऐकलं नाही. बाई उपाशी आहे, लवकर करा! ही गोष्ट काकूंना तिथेच सांगायची, घरी आधी सांगू नकोस.

दुसरी एक गोष्ट ताम्रपटातली आहे, इ.स. ८१२ च्या सुमाराचा बडोद्याचा ताम्रपट. त्यात असं लिहिलंय की हे देऊळ बघून विमानातून जाणारे देवपण चकित झाले, आणि ज्यानं केलं तो कारागीर स्वतःच म्हणाला की हे माझ्या हातून झालं कसं! बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं हे बोलणं वाचून मला फार बरं वाटलं. आपण एखादं कपाट बरोबर बसवलं तरी असंच वाटतं ना.

आत गेल्यावर दोन गोष्टींसाठी थांब. एक म्हणजे देवळाच्या बुडाशी हत्तींची रांग आहे, अख्खं देऊळ त्यांनी पाठीवर उचललंय असं वाटतं, काहींच्या सोंडा तुटल्यात, तरी ते वाकलेले नाहीत. दुसरं म्हणजे दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प. रावण खाली वीस हात लावून बसलाय, वर पार्वती घाबरून शंकराला चिकटलीय, आणि शंकर नुसता पाय जरा दाबून निवांत बसलाय. त्या पार्वतीचा हात बघ, किती पटकन पकडलंय तिनं. बाकी लोक त्याच्यासमोर सेल्फी काढून निघून जातात. तू थांब. आणि मागच्या कड्यावर टाकीचे घाव अजून दिसतात, तिरपे तिरपे, एका हाताचे एका बाजूला, दुसऱ्याचे दुसऱ्या. तिथं हात लावायची इच्छा होते, लावू नकोस.

शुक्रवारी पहाटे घृष्णेश्वर, शंकराचं ज्योतिर्लिंग. लेण्यांपासून जवळच आहे, चालत गेलास तरी चालेल, पण काकूंसाठी गाडीनं जाऊ. पहाटे गेलो तर रांग कमी, नाहीतर तासभर सहज जातो. श्रावणात आणि महाशिवरात्रीला तर विचारूच नकोस, म्हणून तुझा श्रावणी सोमवारचा विचारपण मी फाडून टाकला. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, तो गाडीतच ठेव. पुरुषांना गाभाऱ्यात उघड्या अंगानं जावं लागतं, शर्ट-बनियन काढून. आतापासून पोट आत ओढायची प्रॅक्टिस कर, मी करतोय.

काकू विचारतीलच म्हणून सांगतो, नावाची गोष्ट घुष्मा नावाच्या बाईची आहे. ती रोज १०१ पार्थिव, म्हणजे मातीची, लिंगं करून, पूजा करून तळ्यात सोडायची. सवतीनं जळून तिच्या मुलाला मारलं, तरी हिनं पूजा मोडली नाही, आणि शंकरानं मुलगा परत दिला. देवळाचा आधीचा जीर्णोद्धार मालोजीराजे भोसल्यांनी केला, वेरूळ हे त्यांचं गाव, आणि आत्ता दिसतं ते लाल दगडाचं देऊळ अठराव्या शतकातलं, होळकरांचं, अहिल्याबाईंचं. गावात शहाजीराजांच्या गढीचे अवशेष आहेत, पाच मिनिटं तिकडं जाऊ. शाळेत पाठ केलेली वंशावळ इथल्या मातीतली आहे हे तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं.

मग खुलताबाद, चार-पाच किलोमीटर. भद्रा मारुती, झोपलेला मारुती, काकूंचं ते खास. शनिवार नको, आपला शुक्रवार आहे, बरं झालं. तिथंच औरंगजेबाची कबर आहे, उघड्या आभाळाखालची, साधी. बघायची की नाही ते तू ठरव. मला स्वतःला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या कबरीकडे जायचंय. ज्यानं खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, तो १६२६ मध्ये गेला आणि इथेच आहे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले होते. एका सकाळी शहाजीराजांची गढी आणि मलिक अंबरची कबर दोन्ही, हे मला फार भारी वाटतं, तुला बोअर झालं तर गाडीत बस.

परतताना देवगिरी किल्ला रस्त्यातच आहे. वर चढायचं नाही, काकूंचे गुडघे आणि तुझा दम दोन्हीचा विचार करून सांगतोय. चांदमिनारपर्यंत जायचं, खंदक बघायचा, बास. एवढं मात्र काकूंना सांग, एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी याच किल्ल्यावर होते, नाथ पैठणहून इथंच आले शिकायला. किल्ल्याबाहेर पेरूवाले असतात, मीठ-तिखट लावून देतात, सीझन असला तर सीताफळंपण. तिथून शहर पंधरा किलोमीटर. दुपारी अडीचच्या सुमाराला तपोवन एक्सप्रेस आहे, रात्री घरी. वेळ उरला तर हिमरू शाल बघू, नाही उरला तर नाही.

मकबरा राहिला. माहितीये. राहू दे.

तेवढं तिकीट आजच काढ, गाडी लवकर भरते, आणि पीएनआर मला पाठव. टॉर्च घे, आतल्या खोल्यांत अंधार असतो आणि मोबाईलच्या लाईटनं काही दिसत नाही. काकूंची काठी, चिमीची टोपी, पाण्याच्या बाटल्या मी आणतो. आणि चप्पल घालून येऊ नकोस. या वेळी मी शोधणार नाही.

तुझाच,
जोडीत तुझ्याबरोबर उभा असलेला