रंग नको, बोटीची मागची भिंत उघडून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत घाट, रस्ते, पूल यांच्याबरोबर बोटींचाही विषय निघणारच. नव्या बोटी घ्याव्या लागतील, त्याबद्दल दुमत नाही. पण नाशिक जिल्ह्यात ठिकठिकाणी शेडमध्ये, झाडाखाली, मंदिराच्या ओट्याशी जुन्या फायबरच्या बोटी पडून आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीची कामंही यानिमित्तानं निघतील. त्या कामांबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे. जुन्या फायबर बोटीची दुरुस्ती म्हणजे रंगकाम नव्हे. ज्या मागच्या भिंतीवर इंजिन अडकवतात ती, म्हणजे ट्रान्सम, आतून कुजली आहे का हे आधी बघा. कुजली असेल तर पूर्ण काढा आणि नवी बसवा. वरून थर चढवून ती बोट पुराच्या पाण्यात पाठवू नका.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं फायबरचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघते. टाक्या, पन्हाळी, कारखान्यांतल्या ॲसिडच्या टाक्यांना आतून लायनिंग, ही रोजची कामं. अधूनमधून गंगापूर धरणाकडच्या किंवा निफाड तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांतल्या बोटी येतात. मालक काय सांगतात आणि बोट उघडल्यावर काय निघतं, यातला फरक मी इतक्यांदा बघितला आहे की आता गप्प बसवत नाही.

बहुतेकांना वाटतं की फायबरची बोट म्हणजे सगळी फायबरचीच, तिला कुजायला काय आहे? खरं तर बाहेरून फायबरचा एक थर, आतून एक थर आणि मध्ये साधारण दीड इंच जाडीचा प्लाय, अशी ही भिंत असते. निदान जुन्या बोटींत तरी असतेच. इंजिनाचं सगळं ओझं आणि सगळा जोर या प्लायवर येतो. पंखा पाण्याखाली असतो आणि तो खालून बोटीला पुढे ढकलतो. त्यामुळे इंजिनाच्या ब्रॅकेटचा खालचा भाग भिंतीत रुतायला बघतो आणि वरचा भाग तिला मागे ओढतो. उलट्या प्रवाहात पूर्ण रेस दिली की ही ओढ किती वाढत असेल, ते सांगायला नको.

पाणी शिरतं ते भोकांतून. इंजिनाचे बोल्ट, पाणी काढायच्या बुचाचं भोक, शिडी नाहीतर हूक बसवताना कुणीतरी मारलेले स्क्रू, आणि वरच्या कडेला जिथे इंजिनाचा शिकंजा घासून फायबर फुटलेलं असतं ती जागा. एकदा पाणी आत गेलं की दोन्ही बाजूंनी फायबर असल्यामुळे ते बाहेर पडत नाही, वाळत नाही. लाकडातली ओल साधारण वीस टक्क्यांच्या वर राहिली आणि थोडी हवा मिळाली की बुरशीला आणखी काही लागत नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ही बुरशी तितकी फोफावत नाही. गोडं पाणी तिला मानवतं, आणि त्यातही पावसाचं. आपल्याकडे बोटी वापरण्यापेक्षा उघड्यावर उभ्याच जास्त असतात. बूच लावलेलं, वर ताडपत्री नाही, आत गुडघाभर पाणी. अशा बोटीची मागची भिंत पाण्यात न जाताच सडते.

मध्यंतरी निफाडकडच्या एका गावातल्या तरुणांनी त्यांची बोट आमच्याकडे आणली. वरून झकास दिसत होती. भगवा पट्टा, नवीन अक्षरं, चकाकणारा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत रंगीत थर. "ताई, मागच्याच वर्षी पूर्ण नवी करून आणलीय, फक्त इंजिन जरा हलतंय," असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. मी इंजिनाचा खालचा पाय धरून वर-खाली हलवला, तर भिंतीची वरची कड डोळ्यांना दिसेल इतकी आत-बाहेर होत होती. हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेले. कडेला टणटणीत आवाज, मधोमध आणि खाली बुचाजवळ बद्द. मग आतल्या बाजूनं पाच-सहा ठिकाणी बारीक ड्रिल मारलं. चांगल्या प्लायचा भुसा पिवळसर, कोरडा, भुरभुरीत निघतो. इथे ड्रिलच्या पात्याला वापरलेल्या चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी चिकटून आलं आणि सर्वांत खालच्या भोकातून तपकिरी पाणी ओघळू लागलं. ते पाणी बराच वेळ थांबलं नाही.

ग्राइंडरनं आतलं फायबर कापून काढलं तेव्हा पटाशीची गरजच पडली नाही. आमचे सुतारकाका हातानंच प्लाय ओढून काढत होते. "हा प्लाय नाही राहिला ताई, याची माती झाली," ते म्हणाले. आणि त्या मातीवर आधीच्या माणसानं काचधाग्यांच्या मॅटचे दोन थर आणि ताजा जेलकोट चढवून, अॅल्युमिनियमची पट्टी ठोकून, पैसे घेतले होते. पट्टीचे स्क्रू कुजक्या लाकडात नुसते टेकलेले होते. गावकऱ्यांनी वर्गणी काढून ते काम करून घेतलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं. ही बोट २०१९ च्या पुरात माणसं काढायला वापरलेली. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. नाशकात गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली यावर आपण पुराची उंची मोजतो, पण तेच पाणी खाली सायखेडा-चांदोरीला पोहोचतं तेव्हा लोकांना घरं सोडावी लागतात. त्या वेळी प्रवाहाच्या मध्यावर इंजिन भिंतीसकट निखळलं तर बोटीची मागची बाजू उघडी पडते, आणि आत बसलेल्यांना काही करायला अवधीच मिळत नाही.

म्हणून दुरुस्ती कशी व्हायला हवी, ते थोडं सविस्तर लिहिते. काम देणाऱ्याला माहीत असलं तर काम करणाराही चुकवाचुकवी करत नाही.

कापाकापीच्या आधी बोटीला खालून आणि दोन्ही बाजूंनी नीट टेकू द्यावा. मागची भिंत काढली की बोटीच्या बाजू पसरतात, आणि तशाच पसरलेल्या असताना नवी भिंत बसवली तर बोट कायमची वाकडी होते. शक्यतो बाहेरचं फायबर शाबूत ठेवून आतून कापावं आणि चारही बाजूंनी दोन-तीन इंच काठ सोडावा. कुजका प्लाय कोपऱ्या-कोपऱ्यांतून, अगदी शेवटच्या तुकड्यापर्यंत काढावा. "इथे बरा दिसतोय, राहू द्या" असं कुणी म्हणालं तर ऐकू नये, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. मग आतली बाजू ग्राइंडरनं घासून स्वच्छ, कोरड्या फायबरपर्यंत न्यावी आणि काही दिवस तशीच उघडी वाळू द्यावी.

प्लाय निवडताना सर्वांत जास्त फसवणूक होते. दुकानात "मरीन" म्हणून काहीही देतात. फळीवरचा शिक्का वाचावा. मरीन प्लायचं भारतीय मानक आयएस ७१० आहे. आयएस ३०३ हा सर्वसाधारण कामाचा प्लाय, तो कपाटाला ठीक, बोटीला नाही. आयएस ७१० च्या प्लायचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासलेला असतो. मला शंका आली की मी तुकडा कापून घरच्या पातेल्यात उकळून बघते. काही तासांतच पदर सुटले तर ती फळी परत जाते. कापलेल्या कडेला आत पोकळ्या दिसल्या तरीही नको. १९ मिलिमीटरच्या दोन फळ्या एकमेकींना चिकटवल्या की दीड इंच जाडी होते. पुठ्ठ्याचा साचा आधी बोटीत बसवून बघावा, मगच फळीवर करवत चालवावी.

फायबरचे थर भिजवून घट्ट करायला आमच्या धंद्यात स्वस्त म्हणून पॉलिएस्टर रेझिन वापरतात. फायबरवर फायबर चढवायला ते चालतं, पण लाकडाला त्याची पकड इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनइतकी येत नाही. पैसे असतील तर प्लाय चिकटवायला आणि आतला थर द्यायला इपॉक्सीच घ्यावं, ते बरंच महाग पडतं तरी. मात्र त्यासोबत नेहमीची कापलेल्या धाग्यांची मॅट न वापरता काचधाग्यांचं शिवलेलं कापड घ्यावं, कारण मॅटमधले धागे धरून ठेवणारा बाइंडर इपॉक्सीत विरघळत नाही. आणि इपॉक्सीवर पुन्हा पॉलिएस्टरचा जेलकोट धरत नाही, म्हणून वर पॉलियुरेथेनचा रंग. बजेट पॉलिएस्टरचंच असेल तर निदान प्लायच्या सगळ्या बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना, पातळ केलेलं रेझिन पिईल तितकं पाजावं आणि प्लाय व जुनं फायबर यांच्या मध्ये ओली मॅट घालूनच दाबावं. मधे हवा राहता कामा नये. कोपरे गोल भरून नवीन थर बोटीच्या बाजूंवर आणि तळावर चांगले पुढे आणावेत, नाहीतर भिंत नुसती टेकलेली राहते आणि जोर बाजूंपर्यंत जातच नाही. सगळे थर एकाच दमात चढवायची घाई करू नये. रेझिन आतून तापतं आणि तडकतं.

भोकांचं काम बहुतेक जण टाळतात आणि त्यातूनच पुढचं कुजणं सुरू होतं. अर्धा इंची बोल्टसाठी आधी बरंच मोठं भोक पाडायचं, ते दाट इपॉक्सीनं पूर्ण भरायचं, घट्ट झालं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं. मग बोल्ट कधी गळला तरी पाणी इपॉक्सीला लागतं, लाकडाला नाही. बुचाच्या भोकालाही हेच. बोल्ट स्टेनलेसचे, मोठ्या वॉशरसकट. सील करायला पॉलियुरेथेन सीलंट. बाथरूमचं सिलिकॉन इथे नको.

एक धोक्याची गोष्ट. पॉलिएस्टर रेझिन घट्ट व्हायला त्यात हार्डनर आणि त्याचा वेग वाढवणारं कोबाल्ट, दोन्ही घालावे लागतात. ही दोन एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर. गावात हौसेनं हे काम करणाऱ्या मुलांना हे कुणीतरी समोर उभं राहून सांगायला हवं. घासताना उडणाऱ्या फायबरच्या धुळीसाठी साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लागतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, जुनी बोट भंगारात काढून नवी का घेऊ नये, असं काही जण विचारतात. तळाला भेगा नसतील, तळाला आतून बळकटी देणाऱ्या उभ्या पट्ट्या शाबूत असतील, तर जुन्या बोटींचं फायबर कितीदा आजच्यापेक्षा जाड आणि मजबूत असतं. ते वितळवून पुन्हा वापरता येत नाही, फेकलं तर शतकानुशतकं पडून राहील. मात्र तळ आणि पट्ट्याही ओल्या निघाल्या, ठोकल्यावर सगळीकडून बद्द आवाज आला, तर त्या बोटीवर पैसे घालू नयेत असं मी मालकाला तोंडावर सांगते. काम हातचं जातं, जाऊ दे.

आता मागण्या. कोणत्याही सरकारी किंवा पंचायतीच्या निविदेत नुसतं "बोट दुरुस्ती व रंगकाम" असं लिहू नये. ट्रान्सम ड्रिल करून तपासणे, कुजल्यास पूर्ण बदलणे, प्लाय आयएस ७१०, हे शब्द त्यात असावेत. आतला भाग उघडा असतानाचे आणि नवा प्लाय बसवतानाचे फोटो जोडल्याशिवाय बिल निघू नये. जुन्या बोटीवर नवं इंजिन चढवताना त्याचं वजन बघावं. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक इंजिन जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा साधारणतः जड असतं आणि ती भिंत जुन्या वजनासाठी बांधलेली असते. बोट ठेवताना नाक वर, बूच काढलेलं, वर आच्छादन. याला पैसे लागत नाहीत.

तपासणी उन्हाळ्यातच व्हावी. थंडीत नाशकात सकाळी पारा दहाच्या खाली येतो तेव्हा रेझिन धरत नाही, आणि पावसाळ्यात ना प्लाय सुकतो ना फायबर. गावोगावच्या जीवरक्षक मुलांना, सातपूरच्या आयटीआयच्या विद्यार्थ्यांना हे काम प्रत्यक्ष बघायचं असेल तर आमच्या वर्कशॉपची जागा आणि सामान वापरायला मी आनंदानं देईन. एखाद्या गावानं त्यासाठी आपलीच जुनी बोट आणली तर उत्तम. फक्त एप्रिल संपण्याआधी आणावी, मेमध्ये वळीव सुरू झाला की भिंत उघडी टाकून वाळवणं जमत नाही.

आपली नम्र,
एक फायबर व्यावसायिक, अंबड, नाशिक