समासातल्या तुझ्या शेऱ्यांबद्दल

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीला तू टाकून गेलेली पुस्तकांची पिशवी अखेर उघडली. पुस्तकं वाचलीच, पण त्याहून जास्त वाचले ते तू समासात पेन्सिलीने मारलेले शेरे. (लायब्ररीच्या पुस्तकांवर हा उद्योग करत नसशील, अशी आशा आहे.) त्यात एक तक्रार सारखी डोकावते: ‘कनेक्ट होत नाही.’ तीन पुस्तकं तू त्या एका कारणावर अर्ध्यात सोडलीस. म्हणून म्हटलं, फोनवर वाद घालण्यापेक्षा सविस्तर लिहावं.

भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांपासून सुरुवात करते, कारण तिथे तुझी तक्रार नाही. ‘रात्री वाचू नये’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्यास. आमच्या वेळी धारपांची पुस्तकं वाचनालयातून कव्हर निखळलेल्या अवस्थेतच हाती यायची. आता वाचताना लक्षात येतं की त्या माणसाला घाई अजिबात नाही. घराचं भाडं, ऑफिसातली रजा, शेजाऱ्यांच्या चौकशा, सगळं कारकुनासारखं नीट मांडून ठेवतो. तुझा विश्वास बसला की मगच माळ्यावर काहीतरी हलतं. भुताखेतांशी लढणाऱ्या त्यांच्या समर्थांच्या गोष्टी मला जरा कमी आवडतात. समर्थ येणार आणि निस्तरणार हे ठाऊक असलं की पांघरूण डोक्यावरून ओढायची गरज उरत नाही.

तू ‘तुंबाड’ सिनेमा तीनदा पाहिलास ना? त्याचं मूळ धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलंय. त्या ‘आजी’चीही मुळं स्टीफन किंगच्या एका कथेत आहेत. म्हणजे अमेरिकेतली एक म्हातारी पुण्यात धारपांकडे आली आणि तिथून कोकणातल्या वाड्यात जाऊन बसली. भीती वाटायला तुला ती म्हातारी ओळखीची असावी लागली नाही. मग बाकीच्या पुस्तकांना ही सवलत का नाही?

‘भीमायन’, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचं चित्रांतून सांगितलेलं आयुष्य, त्यावर तुझा शेरा आहे: ‘चौकटीच नाहीत, वाचायचं कुठून कुठे?’ इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या माझ्यासारखीलाही हाच प्रश्न पडला. आमचा वेताळ (तुमचा फँटम) कसा, डावीकडून उजवीकडे, चौकटीमागून चौकट, शिस्तीत ठोसे मारत जायचा. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम हे परधान गोंड आदिवासी चित्रकार. त्यांनी माणसांना चौकटीत कोंबायचंच नाकारलं. पान त्यांच्या भिंतीवरच्या नक्षीने वळणं घेत फुटतं. गरीब, सोसणाऱ्या माणसांचं बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं आणि विषारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी असते. हे कळलं की पान कुठून वाचायचं हे कुणी सांगावं लागत नाही, आधी नांग्या शोधायच्या.

आणि त्यात स्टेशन कुठलं आहे ते पाहिलंस का? आपलं मसूर! १९०१ साली भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला वडिलांकडे निघाले, ते मसूरला उतरले. चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला, जात कळल्यावर बदलला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी. डबा होता, पण वाटेत पाणी कुणी देईना. कराडहून पुण्याला जाताना तुझी गाडी मसूरवरून जाते आणि तू त्या पानावर लिहितेस, ‘खूप जुना काळ’. मुक्ता, हे कनेक्शन रेल्वेने फुकट दिलंय गं.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहात तू शब्दांखाली प्रश्नचिन्हांची रांग लावलीस आणि सातव्या-आठव्या पानावर थांबलीस. १९७२ साली तो संग्रह आला तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही बरेच शब्द अडले होते आणि त्यांनी ते तिथेच मोकळेपणाने लिहून टाकलं. ती प्रस्तावना तू गाळलीस, तिथे एकही रेघ नाही. ढसाळ तुला कळावं म्हणून थांबत नाहीत. मलाही दोन कविता झेपल्या नाहीत, एक वाचून जेवण गेलं नाही. तरी पुस्तक बंद करावंसं वाटलं नाही. कामाठीपुऱ्याच्या आसपास वाढलेल्या, टॅक्सी चालवलेल्या माणसाने आपल्या बोलीत लिहिलं, तर आपण चार पावलं चालत जावं. त्याने कशाला यावं?

आता मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ कादंबरी. इथे मात्र तुझा शेरा वाचून मी खुर्चीतच बसल्या बसल्या ‘शाब्बास’ म्हणाले: ‘शिरोडकरला काय वाटतं, हे कुणी विचारलं का?’ नाहीच विचारलं. सगळी गोष्ट जोशीच्या डोळ्यांतून, त्याला आवडणारी शिरोडकर आपल्याला दिसते ती त्याला दिसेल तेवढीच. मला पुस्तक आवडतंच, नववीतली पोरं बोकिलांनी अचूक पकडलीत. पण तुझा प्रश्न खरा आहे आणि ‘कनेक्ट’च्या दहा शेऱ्यांहून मोलाचा आहे.

म्हणूनच ‘वनवास’वरचं ‘काहीच घडत नाही!’ वाचून मी चिडले. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे राहणारा लंपन नावाचा एक पोरगा, सीमाभागातलं गाव, कानडीच्या हेलाची मराठी, सुमीसमोर पोटात उडणारी धांदल. याला काही घडणं म्हणत नाहीत? त्याचे लेखक प्रकाश नारायण संत इथे कराडला भूगर्भशास्त्र शिकवायचे, आणि दगडांच्या माणसाची सवय लंपनच्या गोष्टींत दिसते: थर हळूहळू उलगडायचे. कवयित्री इंदिरा संतांचा हा मुलगा. आईने वियोग मोजक्या ओळींत लिहिला. मुलाने मुलाच्या तोंडून, हसत-खिदळत लिहिला. दोन्ही शेजारी ठेवून वाच, मग सांग काय घडतं ते. हॉस्टेलच्या पहिल्या महिन्यात रोज रात्री अकराला ‘काय जेवलीस गं आई’ विचारायला फोन करणारी मुलगी मला माहीत आहे, तिला लंपन परका वाटूच कसा शकतो, हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

शनिवारी मामा पुण्याला येतोय, त्याच्याकडे पिशवी देते. ‘वनवास’ मी ठेवून घेतलंय, त्याची दुसरी प्रत तू विकत घे आणि या वेळी शेवटपर्यंत वाच. ‘गोलपिठा’ मामाने वाटेत वाचायला काढलं तर ते आठवणीने परत माग, तो पुस्तकं परत देत नाही. आणि पेन्सिल जरा टोकदार ठेव, ‘भीमायन’वरचे तुझे निम्मे शेरे मला भिंग लावून वाचावे लागले.

तुझी,
आई